बोर्दो बंदराचे दोन जुने फ्रेंच छापे: अस्सल कसे ओळखावेत आणि गोव्याच्या दमट हवेत कसे ठेवावेत?

मडगावकर

नमस्कार मंडळी. मडगावातल्या एका जुन्या घराच्या सामानात दोन फ्रेंच छापे विकायला निघाले आहेत. दोन्हींवर बोर्दो शहराचं नदीबंदर आहे. जेवढं मोजता आणि पाहता आलं तेवढं लिहितो.

पहिला रंगीत आहे. चित्राचा भाग साधारण २६ × ४० सेंमी. वरच्या कडेला मोठ्या अक्षरांत शीर्षक आहे, पण उलटं, आरशात दिसावं तसं. खाली सुलट फ्रेंच मजकूर आणि शेवटी पॅरिसच्या दोमों या प्रकाशकाचं नाव. निळा, गुलाबी, हिरवा, पिवळा असे भडक रंग, बऱ्याच ठिकाणी रेषेबाहेर गेलेले. झाडांचा हिरवा जिथे आहे तिथे कागद मागच्या बाजूने तपकिरी पडला आहे.

दुसरा काळा-पांढरा आणि बराच मोठा, फ्रेमच्या आत दिसतो तो ५२ × ७३ सेंमी. खाली चित्रकार म्हणून व्हेर्ने, कोरणारे म्हणून कोशँ (धाकटा) आणि ल बा, साल १७६४. शीर्षकात 'सालिनिएर' हा शब्द आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात कागद काचेला चिकटल्यासारखा वाटतो, तिथेच राखाडी बुरशी आहे. तपकिरी ठिपके सगळीकडे. मागे लाकडी फळी ठोकलेली.

उलटी अक्षरं म्हणजे छपाईची चूक का? १७६४ हे साल खरं मानावं का? आणि घेतले तर आपल्या पावसाळ्यात हे टिकवायचे कसे?

---

निळा_ताव

पहिल्या छाप्यापुरतं लिहितो. उलटी अक्षरं चूक नाहीत, उलट तीच त्याची ओळख आहे. याला 'व्ह्यू दॉप्टिक' म्हणतात. अठराव्या शतकात लोक हे छापे भिंतीवर लावत नसत, एका यंत्रातून बघत. उभ्या दांडीवर मोठं बहिर्गोल भिंग, त्यामागे ४५ अंशात कललेला आरसा, आणि छापा खाली टेबलावर आडवा. आरशामुळे डावं-उजवं बदलतं, म्हणून वरचं शीर्षक मुद्दाम उलटं कोरलेलं असे. भिंगातून पाहिलं की रस्ते, धक्के, जहाजांच्या रांगा खोल जाताना दिसतात. यांत इतके बंदराचे देखावे का सापडतात, तेही यावरून कळतं: लांबवर निमुळता होत जाणारा नदीचा धक्का या भिंगाला फार मानवतो.

रंग रेषेबाहेर गेले म्हणून नाक मुरडू नका. हे छापे ढिगाने रंगवले जात आणि भिंगातून ती बारीक चूक दिसत नसे. मागे पडलेला तपकिरी डाग तर चांगली खूण आहे. तो हिरवा तांब्यापासून केलेला असतो. तांबं कागद हळूहळू जाळतं आणि डाग आरपार उतरतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत रंगवलेल्या छाप्यात असा जळका हिरवा मिळत नाही. मात्र त्या जागी कागद ठिसूळ झालेला असतो, छापा वाकवलात तर नेमका तिथे तडकेल.

नवा रंग ओळखायचा तर फाटलेली कड आणि घडीची चीर भिंगाखाली बघा. रंग चिरेच्या आत मुरला असेल, किंवा डागावरून सलग गेला असेल, तर कागद खराब झाल्यावर तो लावलेला आहे.

छापा बाहेर काढता आला तर उजेडासमोर धरा. काही छाप्यांत खिडक्या, कंदील, चंद्र बारीक टोचलेले किंवा कापलेले असतात आणि मागून रंगीत कागद चिकटवलेला असतो. मागे दिवा लावला की रात्रीचा देखावा तयार. अशी भोकं दिसली तर ती बुजवू नका आणि कुणाला बुजवू देऊ नका.

प्रकाशकाबद्दल: दोमोंचा पत्ता र्‍यू सँ-मार्तँ. बासे, शेरो वगैरे बाकीचे बहुतेक र्‍यू सँ-जाकवरचे. पत्ता चित्राखालीच कोरलेला असतो, तो वाचून घ्या. नुसती फ्रेंच भाषा म्हणजे पॅरिस असं मात्र धरू नका. जर्मनीतलं आउग्सबुर्ग, इटलीतलं बास्सानो आणि लंडन इथेही हा माल निघत होता आणि त्यावर फ्रेंच मजकूर असे.

किमतीबद्दल एकच सांगतो. हा प्रकार दुर्मीळ नाही. पैसे मोजायचे ते ताज्या रंगाचे आणि पूर्ण समासाचे. वरचं उलटं शीर्षक कापून टाकलेलं असेल तर निम्मी गंमत गेली.

---

बंदर_वाचक

दुसरा छापा फार नामांकित मालिकेतला आहे. पंधराव्या लुईच्या दरबाराने, मार्की द मारिन्यीच्या हाताखाली, १७५३ साली जोझेफ व्हेर्नेला फ्रान्सची बंदरं रंगवण्याचं काम दिलं. १७६५ पर्यंत १५ मोठी तैलचित्रं झाली. बहुतेक समुद्रबंदरं आहेत, पण बोर्दोची दोन (गारोन नदी), बायोनची दोन (आदूर नदी) आणि रोशफोरचं एक (शारांत नदी) ही नदीबंदरं. कोशँ आणि ल बा यांनी त्यांवरून तांब्याचे पत्रे कोरले. बोर्दोच्या दोन देखाव्यांपैकी एक सालिनिएर, म्हणजे मीठ उतरवण्याच्या धक्क्याकडून घेतलेला, दुसरा शातो त्रोंपेत या किल्ल्याकडून. तुमच्या छाप्याचं माप आणि मजकूर या मालिकेशी जुळतो.

पण १७६४ हे साल पत्र्याचं आहे, तुमच्या कागदाचं नाही. तांब्याचा पत्रा टिकला तर शंभर-दीडशे वर्षांनीही त्यावरून छापता येतं आणि खालची अक्षरं तीच उमटतात. म्हणून तीन प्रश्न वेगळे धरा: हा पत्र्यावरून छापलेला आहे का, पत्रा मूळचा आहे का, आणि छपाई केव्हाची.

पहिल्या प्रश्नाला १० पटीचं भिंग पुरतं. जहाजांच्या दोरखंडांवर आणि धक्क्यावरच्या माणसांवर धरा. सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर विषय संपला, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरची यांत्रिक छपाई. ठिपके नाहीत पण रेषेच्या आतही बारीक रवाळपणा आणि कडा खरबरीत असतील तर फोटोग्राव्ह्युअर, म्हणजे फोटोवरून तयार केलेल्या पत्र्याची छपाई. यात लोक फसतात, कारण त्यालाही पत्र्याचा खराखुरा दाब (कागदात उमटलेली पत्र्याची कड) असतो. अस्सल कोरीव रेष ओळखायची तिच्या टोकावरून. कोरणीने कोरलेली रेष मध्ये जाड होऊन टोकाला सुईसारखी संपते. तेजाबाने खाल्लेल्या रेषेचं टोक बोथट आणि जाडी जवळपास सारखी. या मालिकेत दोन्ही एकत्र आहेत: आधी तेजाब, मग कोरणी. माणसं, पिंपं, होड्यांच्या कडा यांत सुटी तेजाबाची रेष, तर पाणी आणि आकाशात शिस्तीची कोरणी.

आकाश नीट बघा. हाताने ओढलेल्या समांतर रेषांत अंतर किंचित कमी-जास्त होतं. अगदी यंत्रासारखं सारखं आकाश दिसलं तर शंका घ्या. रेषा ओढायचं यंत्र काँते या फ्रेंच संशोधकाने नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेच्या ग्रंथासाठी केलं, ते पुढे सर्रास झालं.

मग कागद. मूळ काळातला कागद उजेडात धरला की साधारण अडीच सेंटीमीटरवर उभ्या साखळी-रेषा आणि त्यांना काटकोनात दाट बारीक रेषा दिसतात. जलचिन्हात 'ओव्हेर्न्य' (फ्रान्सचा एक प्रांत) आणि '१७४२' दिसलं तर छापा १७४२ चा म्हणून उड्या मारू नका. सरकारी नियमामुळे गिरण्यांना कागदावर साल घालावं लागलं आणि ते १७४२ साचा न बदलता कित्येक वर्षं चालू राहिलं. साखळी-रेषा नसलेला गुळगुळीत कागद असेल तर फ्रान्समध्ये तो १७८० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा.

अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, म्हणजे कागद १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा. न चमकणं हा जुनेपणाचा पुरावा नाही, एवढं लक्षात ठेवा.

शेवटचं, पत्र्याची झीज. आधी मरतात त्या आकाशातल्या आणि दूरच्या शिडांतल्या नाजूक रेषा. गडद भाग काळे आणि दूरचा काठ पुसट, करडा असेल तर उशिराची छपाई. लूव्रच्या शाल्कोग्राफी विभागात, जो १७९७ पासून आहे, हजारो जुने पत्रे आहेत आणि त्यांवरून छापून विक्री होते. त्या छाप्यांच्या समासात शाई नसलेला उठावाचा शिक्का असतो. तिरका उजेड पाडून समास तपासा. हे छापे खोटे नाहीत, पण किंमत वेगळी.

---

फोंडेकर

मध्येच विचारतो. चित्रातलं शहर बघून काळ ठरवता येत नाही का?

---

बंदर_वाचक

येतो, पण फक्त एका बाजूने. चित्रात दिसणारी वस्तू सांगते की पत्रा *याच्या आधीचा नाही*. जुना पत्रा पुढे शंभर वर्षं छापला जाऊ शकतो, तेव्हा वरची मर्यादा शहर सांगत नाही, कागद सांगतो.

बोर्दोला खुणा भरपूर आहेत. गारोनवरचा दगडी पूल १८२२ मध्ये झाला. त्याआधी तिथे पूलच नव्हता. नदीकाठच्या प्लास रुआयाल या चौकात पंधराव्या लुईचा अश्वारूढ पुतळा १७४३ पासून होता, फ्रेंच राज्यक्रांतीत १७९२ ला पाडला. तिथे तीन स्त्रियांचं कारंजं दिसलं तर चित्र १८६९ नंतरचं. शातो त्रोंपेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडून टाकला.

सेन नदीवरच्या रूआँ शहराचं बंदर कुणाकडे असेल तर कथेड्रलचा कळस बघा. जुना लाकडी कळस १८२२ मध्ये वीज पडून जळला, लोखंडी १८७६ ला पुरा झाला. सेनवर होड्यांचा तरता पूल असेल तर चित्र जुन्या काळातलं. पॅरिसच्या देखाव्यात पाँ नफ या पुलाजवळचं समारितेन पंपघर १८१३ ला गेलं, आणि पाँ ओ शांज, पाँ नोत्र-दाम या पुलांवरची घरं क्रांतीच्या जरा आधी काढली.

व्ह्यू दॉप्टिकला हे नियम लावताना जपा. त्यात एका छाप्यावरून दुसरा, त्यावरून तिसरा असं चालत असे आणि शहर कधी कधी डावं-उजवं उलटून जाई. जुनं बोर्दो गारोनच्या डाव्या तीरावर आहे, म्हणून प्रवाहाच्या दिशेने पाहिलं की शहर डावीकडे यायला हवं. तुमच्या रंगीत छाप्यात ते कुठे आहे ते बघा.

---

मडगावकर

बघून आलो. मोठ्यात ठिपके नाहीत, रेषांची टोकं निमुळती आहेत, आकाशातलं अंतर किंचित हलतं. टॉर्चखाली छाप्याचा कागद मंद, पण भोवतीचा माउंट (छाप्याभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) निळा चमकला. समासात शिक्का दिसला नाही, पण खालचा समास माउंटखाली गेला आहे. रंगीत छाप्यात जहाजं समुद्राकडे तोंड करून आहेत आणि शहर उजवीकडे.

घेणार आहे. आता फ्रेम कशी उघडू?

---

बंदर_वाचक

माउंट चमकला म्हणजे फ्रेम कधीतरी गेल्या काही दशकांत उघडली गेली होती. रंगीत छाप्यातलं शहर उलटलेलं दिसतंय. एकतर कॉपी करताना तसं झालं, नाहीतर भिंगातून सुलट दिसावं म्हणून मुद्दाम केलेलं. किंमत त्याने पडत नाही.

---

खळ_आणि_कागद

फ्रेम उघडायच्या आधी: काचेला चिकटलेला कोपरा ओढू नका. थोडंही नाही. पाणी, स्पिरिट, वाफ, हेअर ड्रायर काहीही नको. कागदाचा वरचा थर शाईसकट काचेवर राहील. तो छापा काच न काढता, *काच खाली* ठेवून, आडवाच संवर्धकाकडे (जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारून बघा.

जिथे कागद काचेला चिकटलेला नाही ती फ्रेम अशी उघडा. टेबलावर जाड टॉवेल, त्यावर फ्रेम पालथी. मागची कागदी पट्टी सुरीने चौकटीच्या कडेने कापा. खिळे पकडीने सरळ ओढा, तिरके केले तर काच तडकते. फळी सावकाश उचला. छापा फळीलाच डकवलेला असू शकतो. लाकडाच्या आम्लाने मागे रेघांचे तपकिरी पट्टे पडलेले असतील. ते वरवरचे नाहीत, खोडरबराने जात नाहीत. समास मागे दुमडलेला आढळला तर उलगडण्याची घाई नको, घडीवर कागद तुटतो. आणि कुणी सांगितलं तरी समास कापू नका.

बुरशी आधी सुकवायची, मग झाडायची. ओली बुरशी पुसली की कागदात चोळली जाते. एसीच्या खोलीत, आर्द्रता ५०–५५ टक्के, स्वच्छ टिपकागदावर दोन-तीन दिवस. आपल्याकडे पुस्तकं उन्हात घालायची सवय आहे, छाप्याला ते करू नका: कागद एकदम आकसून लाटा येतात आणि रंग उडतो. सुकल्यावर बुरशीची पूड होते. एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, वारा पाठीमागून घेऊन मऊ रुंद ब्रशने झाडा, आधी मागची बाजू. रंगीत छाप्याच्या पुढच्या बाजूला ब्रशही लावू नका, ते रंग डिंकातले आहेत आणि सुटतात.

तपकिरी ठिपके म्हणजे कागदातले लोहाचे कण आणि बुरशी यांचं मिश्र काम. ब्लीच करून देणारे फ्रेमवाले भेटतील. ब्लीचने कागद पांढरा होतो, धागे कमजोर होतात, आणि रसायन नीट धुतलं गेलं नाही तर डाग परत येतात. काळ्या-पांढऱ्या छाप्याला संवर्धक साध्या शुद्ध पाण्याने धुऊन बराच फरक पाडतात. रंगीताला धुवायचं नाहीच.

कसर लागली असेल (पृष्ठभाग वेडावाकडा खरवडल्यासारखा दिसतो) तर छापा दोन पुठ्ठ्यांत, पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर दव कागदावर बसतं. थंडीने कीड मरते, बुरशी मरत नाही. फ्रेमच्या आत डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवू नका.

परत बसवताना छापा कधीही पूर्ण चिकटवायचा नाही. वरच्या कडेला मागून दोन जपानी कागदाच्या बिजागऱ्या (पातळ, चिवट कागदाच्या दुमडून लावायच्या पट्ट्या), साधारण दीड × तीन सेंमी, बाकी छापा मोकळा लोंबता. हवा ओली-सुकी होते तसा कागद वाढतो-आकसतो, त्याला जागा लागते. चारही कडा डकवल्या की पहिल्याच पावसाळ्यात पोट फुगतं. सेलोटेप आणि पांढरा गोंद बाद.

खळ शुद्ध गव्हाच्या स्टार्चची. एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर २०–३० मिनिटं सतत ढवळत शिजवा, गार झाल्यावर कापडातून गाळा. फ्रीजमध्ये चार दिवस, आंबट वास आला की फेकून द्या. मैदा नको, त्यातल्या प्रथिनांमुळे खळ पिवळी पडते आणि कसर धावून येते. कुरडयांसाठी आंबवलेला चीकही नको, त्यात आम्ल असतं. आणि बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात ते अजिबात नको. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं कागदाचं काय करतं ते वरच्या हिरव्या रंगात दिसतंच आहे.

माउंट शंभर टक्के कापसाच्या बोर्डाचा, किमान दीड मिमी, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. मोठ्या छाप्याला तीन मिमी. मागे तसाच बोर्ड, मग ॲल्युमिनियम-पॉलिएस्टरचा पडदा, आणि काच-माउंट-बोर्ड सगळ्याची कड टेपने बंद.

---

निळा_ताव

शेवटच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. गोव्यात फ्रेम हवाबंद करणं धोक्याचं. आत अडकलेला ओलावा जाणार कुठे? पाठीला भोकं ठेवून हवा खेळती ठेवलेली बरी.

---

खळ_आणि_कागद

हरकत रास्त आहे, पण चूक हवाबंद करण्यात नसते, केव्हा बंद केलं यात असते. जुलैत फ्रेम बंद केली तर बोर्डांनी आणि छाप्याने शोषलेलं पाणी आत कोंडतं, रात्री काच गार झाली की तेच काचेवर उतरतं. म्हणून हे काम जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत करायचं. ते जमणार नसेल तर छापा, बोर्ड सगळं दोन-तीन दिवस ५० टक्के आर्द्रतेच्या एसी खोलीत ठेवून तिथेच बंद करायचं. मग कापसाचा बोर्ड स्वतःच आतली आर्द्रता स्थिर धरतो.

खेळती हवा वर्षभर कोरड्या गावात ठीक. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेर ८५–९५ टक्के असते, आणि ६५–७० च्या वर काही दिवस राहिलं की बुरशी उगवते. भोकातून हीच हवा आत जाणार. खेळती हवा लागते ती फ्रेम आणि भिंतीच्या *मध्ये*. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा सिलिकॉनचे ६–१० मिमी ठोकळे लावा.

भिंत कुठली, हे फ्रेमइतकंच महत्त्वाचं. चिऱ्याची बाहेरची भिंत, विशेषतः पावसाचा मारा घेणारी नैर्ऋत्येची, टाळा. चिरा पाणी पितो आणि महिनोन्‌महिने सोडत राहतो. खोल्यांमधली आतली भिंत निवडा. न्हाणीघराला लागून नको. रंगीत छाप्याला उजेड ५० लक्सच्या आसपास. शिंपल्यांच्या तावदानातून येणारा उजेड मऊ वाटतो, तरी दुपारी मोजून बघा. एसी रात्री चालू, दिवसा बंद असं करत असाल तर त्या खोलीत छापे नकोत. रोजच्या चढ-उताराने कागद थकतो.

---

निळा_ताव

फेब्रुवारीत बंद करायचं असेल तर पटलं. माझा विरोध पावसाळ्यात बंद करण्याला होता.

---

फोंडेकर

आपल्या मांडवीचे असे फ्रेंच छापे आहेत का?

---

बंदर_वाचक

आहेत, पण लहान आणि पुस्तकांतून सुटलेले. मानेसों माले याच्या १६८३ च्या जगवर्णनात गोव्याचा छोटा देखावा आहे, हाताच्या पंजाएवढा. बेलँ या नौदलाच्या नकाशाकाराच्या १७६४ च्या छोट्या सागरी ॲटलासात गोव्याचा नकाशा आहे. दोन्हींत 'गोवा' म्हणजे जुने गोवे, पणजी नव्हे.

विकत घेताना कोपऱ्यातला पान किंवा खंड क्रमांक आणि मधली बांधणीची घडी बघा. पुस्तकातलं पान असेल तर ती असायला हवी. मूळ ग्रंथांत ही पानं बहुधा बिनरंगी असत. दुकानात रंगीत दिसतात ती बहुतेक अलीकडे रंगवलेली, आणि तिथे तो जळका हिरवा नसतो.

---

मडगावकर

सर्वांचे आभार. मोठा छापा काचेसकट आडवा मुंबईला पाठवतो, खालचा समास आणि जलचिन्ह तिथेच पाहून घेतील. रंगीत छापा आता फक्त फ्रेममधून काढून कापसाच्या बोर्डाच्या फोल्डरमध्ये कोरड्या कपाटात ठेवतो, फ्रेम जानेवारीत. एकच राहिलं: फोल्डरमध्ये सिलिका जेल घालू का?

---

खळ_आणि_कागद

घाला, पण ५० टक्के आर्द्रतेला जुळवलेलं मिळालं तरच. साधं कोरडं जेल बंद डब्यात आर्द्रता फार खाली खेचतं आणि तो जळका हिरवा भाग तडकतो. नाहीतर नुसता फोल्डर, कपाटात एक आर्द्रतामापक, आणि आकडा ६० च्या वर गेला की खोलीतला डीह्युमिडिफायर चालू.